दुखणं लपवायला लावायचं आणि नंतर त्याचाच पुरावा मागायचा

आपल्याकडे सैनिक रिटायर होतो तेव्हा त्याचं वय काय असतं हे शहरातल्या बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. रिटायर म्हटलं की डोळ्यासमोर साठीचा माणूस येतो. पण अठरा-एकोणीसला भरती झालेला पोरगा शिपाई म्हणूनच राहिला तर पस्तीस ते अडतीसच्या दरम्यान घरी येतो, हवालदार झाला तर बेचाळीस-पंचेचाळीसला. पोरं शाळेत असतात, घराचं कर्ज चालू असतं, आईवडील थकलेले असतात. दरवर्षी देशात साधारण साठ हजार सैनिक असे बाहेर पडतात आणि त्यांच्यापुढे अजून पस्तीस-चाळीस वर्षांचं आयुष्य असतं, जे सर्व्हिसच्या दुप्पट आहे. या चाळीस वर्षांत त्या शरीराचं आणि डोक्याचं काय होतं, ते कोण बघतं, हा माझा प्रश्न आहे.

सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, बीड, कुठल्याही गावात जा, फौजी सेवापूर्ती करून आला की जीप फुलांनी सजते, डीजे लागतो, चौकाचौकात फ्लेक्स, आयाबाया ओवाळतात, सरपंच फेटा बांधतात. हे मनापासून असतं आणि ते व्हायलाच पाहिजे. आमच्या सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे तर मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखलं जातं, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले, तिथे त्यांचं स्मारक आहे. म्हणजे आदर कमी आहे असं कुणी म्हणूच शकत नाही. पण मिरवणुकीनंतर तीन वर्षांनी त्याच मेजरला (आमच्याकडे फौजेतल्या सगळ्यांनाच मेजर म्हणतात, हुद्दा कुठलाही असो) गुडघ्यामुळे शेताच्या बांधावरून चालता येत नाही, रात्री झोप लागत नाही, बायकोशी धड बोलत नाही, तेव्हा त्याच्याकडे बघायला कुणी येत नाही. त्यानेच जायचं, त्यानेच कागद शोधायचे, त्यानेच सिद्ध करायचं की हे दुखणं फौजेतलं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की हे उलटं व्हायला पाहिजे. कुणाला कुठे किती दिवस ठेवलं होतं ते सरकारला पक्कं माहीत असतं, मग त्या पोस्टिंगचे परिणाम आयुष्यभर शोधत राहायची जबाबदारी सरकारची असायला हवी.

आधी बोलू की तिथे होतं काय. १३ एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूत सुरू झालं तेव्हापासून सियाचीनवर आपली माणसं सलग बसलेली आहेत. तिथे गोळीपेक्षा हवेनेच जास्त माणसं गेली हे आता सगळ्यांना माहीत आहे, हिमस्खलन, बर्फातल्या भेगा, फुफ्फुसात पाणी, मेंदूला सूज. पण जे जिवंत परत आले त्यांच्याबद्दल कुणी फार बोलत नाही. अठरा-वीस हजार फुटांवर महिनोन् महिने ऑक्सिजन कमी, भूक मरते, वजन उतरतं, झोप तुटक तुटक होते, विसरायला होतं, रक्त घट्ट होतं आणि त्यामुळे गुठळ्या व्हायचा धोका वाढतो. तिथे तरुण जवानांना पायात, फुफ्फुसात, अगदी मेंदूतही गुठळ्या झाल्याचं आपल्याच सैन्यातल्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. फ्रॉस्टबाइटने बोटं गेली तर ते दिसतं तरी. ज्यांची बोटं वाचली पण दर थंडीत हातपाय बधिर होतात, आग होते, त्यांचं काय, ते कुठल्या रजिस्टरमध्ये आहे?

आणि सियाचीन तर सगळ्यांना माहीत असलेलं नाव. तोफखान्यातल्या माणसांचे कान बघा, चाळिशीत टीव्हीचा आवाज एवढा मोठा लागतो की घरातले वैतागतात, कानात सतत शिटी वाजत असते. इन्फंट्रीवाल्यांची कंबर आणि गुडघे बघा, वीस-पंचवीस किलोचं ओझं पाठीवर घेऊन वर्षानुवर्षं डोंगर चढलेत. गाड्या चालवणाऱ्यांचे मणके बघा. यातलं एकही दुखणं टीव्हीवर दाखवण्यासारखं नाही, कुणाच्या शौर्यगाथेत येत नाही, पण चाळीस वर्षं तेच सोबत असतं.

मग डोकं. राष्ट्रीय रायफल्समध्ये काश्मीरला दोन-तीन वर्षं काढलेल्या माणसाला रात्री पान हललं तरी जाग येते, ते तिथे जिवंत राहायला गरजेचंच असतं. घरी आल्यावर शरीराला कोण सांगणार की आता संपलं म्हणून? १९८७ ते १९९० मध्ये श्रीलंकेत गेलेली शांतिसेना घ्या, तिथे आपले हजाराहून जास्त जवान गेले, आणि परत आले त्यांच्या स्वागताला त्या वेळी फारसं कुणी उभं नव्हतं कारण ती लढाई राजकारणाला नकोशी झाली होती. ती माणसं आता साठी-सत्तरीत आहेत. जुन्या गोष्टी म्हातारपणी जास्त वर येतात, कामधंदा सुटतो, सोबतचे एकेक करून जातात, रात्री मोठ्या होतात. मानसिक आघाताचा त्रास घटनेनंतर लगेच दिसतोच असं नाही, काही महिन्यांनी, काही वर्षांनी, कधी रिटायरमेंटनंतर सुरू होतो, हे डॉक्टर लोकांना चांगलं माहीत आहे. आणि आमच्या गावात त्याला नाव काय, तर "मेजर जरा तापट आहेत". एवढंच.

झोप न येणाऱ्या माणसाला आपण नोकरी कुठली देतो हेही बघा. सिक्युरिटी गार्डची, ती पण नाइट शिफ्ट. एटीएमच्या बाहेर, सोसायटीच्या गेटवर, कारखान्याच्या दारात बारा बारा तास. अठरा वर्षं रात्री पहारा केला म्हणून पुढची वीस वर्षं परत रात्रीच पहारा. पेन्शन आहे, पण पोरांच्या फिया आहेत, आणि शिपायाच्या पेन्शनमध्ये पुण्यात कुणाचं भागत नाही. आणि दुसरी गोष्ट दारूची, ही बोलायला अवघड आहे पण बोललीच पाहिजे. सैन्याच्या कँटीनच्या कार्डावर दर महिन्याला दारूचा कोटा आयुष्यभर मिळतो, स्वस्तात मिळतो, वेळेवर मिळतो. ती दारू बंद करा असं मी म्हणत नाहीये, बरेच जण घेतही नाहीत. पण झोपेसाठी रोज प्यायला लागलेला माणूस दर महिन्याला त्याच खिडकीवर येतोय, कार्ड स्वाइप होतंय, आणि त्याच व्यवस्थेतलं कुणीही त्याला एकदाही विचारत नाही की साहेब झोप लागते का, घरी सगळं ठीक आहे का. त्या खिडकीच्या शेजारी एक समुपदेशक बसवायला किती खर्च येईल?

आता मुख्य मुद्दा. सर्व्हिसमध्ये असताना माणूस हे सांगत का नाही? कारण सांगितलं की कॅटेगरी जाते. सैन्यात प्रत्येकाची तब्येत शेप या पद्धतीने मोजतात, त्यात पहिलंच अक्षर मनाचं, मग कान, हातपाय, बाकी शरीर, डोळे. सगळं उत्तम असेल तर शेप-वन. एकदा लो मेडिकल कॅटेगरी लागली की प्रमोशनवर परिणाम, सर्व्हिसचं एक्स्टेन्शन अडकतं, कोर्स हातचे जातात, परदेशातल्या शांतिसेनेत जायची संधी जाते. आणि मनाच्या रकान्यात काही लिहिलं गेलं तर हत्यार हातात देतील का इथपासून प्रश्न. त्यामुळे जवान करतो काय, तर गुडघा दुखला तरी युनिटच्या मेडिकल असिस्टंटकडून गोळी घेतो आणि गप्प बसतो, झोप येत नाही हे तर मित्रालाही सांगत नाही. ओसीला, म्हणजे वरच्या साहेबाला, सांगणं तर लांबच. यात त्याची चूक मला तरी दिसत नाही, हवालदारकीचा पगार आणि शिपायाचा पगार यातला फरक त्याच्या पोरांच्या शिक्षणाचा असतो. सैन्याचीही एक अडचण आहे हे मी मान्य करतो, आजारी माणसाला पोस्टवर पाठवता येत नाही, तपासावंच लागतं. पण परिणाम असा होतो की पंधरा-वीस वर्षांचं दुखणं कागदावर शून्य असतं.

आणि मग रिटायर झाल्यावर तेच सरकार विचारतं, कागद कुठाय? रिलीज मेडिकल बोर्ड, म्हणजे फौज सोडताना तपासणी करणारं डॉक्टरांचं मंडळ, लिहितं की हा आजार सर्व्हिसमुळे झालाही नाही आणि वाढलाही नाही. एका ओळीत अपंगत्व पेन्शनचा विषय संपला. नाहीतर लिहितं की आजार पीस पोस्टिंगला, म्हणजे सीमेपासून लांब शांत ठिकाणी असताना, निघाला म्हणून सर्व्हिसशी संबंध नाही. आता ब्लड प्रेशर काय चौकीवर बसून मोजत होते का कुणी? उरीला तीन वर्षं काढून माणूस झाशीला आला आणि तिथे तपासणीत निघालं, तर ते झाशीत झालं असं कसं म्हणायचं?

कोर्टांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलंय. २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट आला होता असं धरायचं, आणि नंतरचा आजार सर्व्हिसमुळे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची, म्हणजे सरकारची, जवानाची नाही. २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही म्हटलं की नुसतं पीस स्टेशनला आजार निघाला एवढ्यावर अपंगत्व पेन्शन नाकारता येत नाही. तरी काय होतं? जवान आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे सैन्याच्या प्रकरणांसाठीच्या न्यायाधिकरणात, जातो, वकील लावतो, काही वर्षं जातात, जिंकतो, आणि मग सरकार वरच्या कोर्टात जातं. आपल्या शेजारच्या गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री होते तेव्हा २०१५ मध्ये त्यांनी तज्ज्ञांची समिती नेमली होती, नेमकी यासाठीच की मंत्रालयाने आपल्याच सैनिकांविरुद्ध खटले लढणं कमी व्हावं. समितीने अपंगत्व पेन्शनच्या प्रकरणातली अपिलं मागे घ्या असं सांगितलं. तरीही अपिलं थांबली नाहीत. आणि रक्कम तरी किती मोठी? शंभर टक्के अपंगत्व असेल तर शेवटच्या पगाराच्या तीस टक्के, पन्नास टक्के धरलं तर पंधरा टक्के. शिपायाच्या पगाराचे पंधरा टक्के वाचवायला सरकारी वकील दिल्लीत उभा राहतो.

या पेन्शनचे नियमही घट्ट होत गेलेत. १९८२ च्या नियमात लिहिलं होतं की दावेदाराला सिद्ध करायला सांगायचं नाही, शंका असेल तर फायदा त्याला द्यायचा, आणि फील्डमध्ये असलेल्याला तर आणखी सैल हाताने द्यायचा. २००८ च्या नियमात आलं की रिटायरमेंटनंतर पंधरा वर्षांनी दावा केला तर पुरावा द्यायची जबाबदारी दावेदाराची. पंधरा वर्षं! म्हणजे जे दुखणं मुळातच उशिरा वर येतं त्यालाच दार बंद. मग सप्टेंबर २०२३ मध्ये आणखी नवे नियम आले, माजी सैनिकांच्या संघटनांनी त्याला विरोध केला.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही, की लोक गैरफायदा घेतात. कॅगच्या २०२३ च्या अहवालात आहे की २०१५-१६ ते २०१९-२० या काळात रिटायर होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी ३६ ते ४० टक्के अपंगत्व पेन्शन घेऊन गेले, आणि जवान-जेसीओंमध्ये (जेसीओ म्हणजे जवान आणि अधिकारी यांच्या मधले, सुभेदार वगैरे) हेच प्रमाण १५ ते १८ टक्के. हा आकडा नीट बघा. बर्फात जास्त दिवस कोण असतं, ओझं कोण वाहतं, संत्री ड्युटी कोण करतं? मग जवानाचं प्रमाण अर्ध्याहून कमी कसं? अधिकारी खोटं बोलतात असा अर्थ मी काढत नाही, त्यांनाही खरेच आजार असतात. मला दिसतं ते असं की ज्याला नियम माहीत आहेत, इंग्रजीत अर्ज लिहिता येतो, बोर्डासमोर बसून बोलता येतं, त्याची नोंद होते, आणि दहावी-बारावी झालेला माण-खटावचा पोरगा "ठीक है साब" म्हणून सही करून येतो. गैरफायदा थांबवायला नियम आवळले तर फास बसतो याच पोराला, कारण दुसऱ्याकडे वकील आहे.

मग करायचं काय? माझ्या मते पुराव्याचा आधारच बदलायला हवा. दवाखान्याचा कागद मागू नका, पोस्टिंगचा कागद बघा, तो तर सैन्याकडे दिवसासकट असतो. अमेरिकेत व्हिएतनामवरून आलेल्या सैनिकांना एजंट ऑरेंज या रसायनाचे आजार झाले, त्यांना वर्षानुवर्षं सांगितलं जायचं की सिद्ध करा. शेवटी १९९१ च्या कायद्याने ठरलं की तुम्ही तिथे होता आणि तुम्हाला यादीतला आजार झालाय तर तो सर्व्हिसमुळेच, विषय संपला. २०२२ मध्ये इराक-अफगाणिस्तानात कचरा जाळायच्या खड्ड्यांच्या धुरात राहिलेल्यांसाठीही असाच कायदा झाला. तिथेही हे सहज मिळालं नाही, माजी सैनिकांनी दशकं भांडून घेतलं, आणि अमेरिकेचं सगळंच चांगलं असं मी म्हणत नाही. पण हे तत्त्व आपल्याला जसंच्या तसं लागू पडतं. सियाचीनला अमुक दिवस, तर रक्ताच्या गुठळ्या, बधिरपणा, झोपेचे आजार हे सर्व्हिसचे. तोफखान्यात अमुक वर्षं, तर कान सर्व्हिसचे. दहशतवादविरोधी भागात अमुक महिने, तर मनाचा त्रास सर्व्हिसचा. यादी डॉक्टरांनी ठरवावी, दर काही वर्षांनी सुधारावी. यादी अंदाजाने होऊ नये म्हणून माणसांच्या मागे राहून अभ्यास हवा, अमेरिकेने २००१ मध्ये मिलेनियम कोहोर्ट नावाचा अभ्यास सुरू केला, त्यात सैनिक नोकरी सोडून गेले तरी दर काही वर्षांनी त्यांना तब्येतीचे प्रश्न विचारले जातात. आपल्याकडे पुण्यात एएफएमसी, म्हणजे सैन्याचं मेडिकल कॉलेज, आहे, १९४८ पासूनची, हुशार डॉक्टर आहेत, आणि दरवर्षी साठ हजार माणसं बाहेर पडतात. त्यातल्या काही हजारांना जरी तीस वर्षं विचारत राहिलं तरी केवढं कळेल.

उपचाराची बाजू घेतली तर जे दिसतं ते आपण चांगलं सांभाळतो हे मला सांगायलाच पाहिजे. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, खडकीला मणक्याला मार लागलेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आहे, १९१७ ला मुंबईत सुरू झालेलं आणि नंतर तिथेच आलेलं क्वीन मेरीज इन्स्टिट्यूट जखमी सैनिकांना हाताचं काम शिकवतंय. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ ला हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. पण त्यांनाही पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. आणि प्रत्येक जखमी माणूस पेटकर होऊ शकत नाही, त्याने व्हावं अशी अपेक्षाही करू नये.

बाकीच्यांसाठी आहे ईसीएचएस, माजी सैनिकांच्या उपचारांसाठी १ एप्रिल २००३ ला सुरू झालेली योजना, जवान स्वतःच्या पैशातून वर्गणी भरून तिचा सभासद होतो. योजना चांगली आहे, ती नसती तर हजारो घरं हॉस्पिटलच्या बिलात बुडाली असती. पण दहिवडीच्या माणसाला साताऱ्याच्या पॉलीक्लिनिकला यायचं म्हणजे साठ-सत्तर किलोमीटर, एसटी, लाइन, मग रेफरल, मग पॅनलवरचं हॉस्पिटल, आणि बिलं थकली म्हणून त्या हॉस्पिटलने कॅशलेस बंद केलं असेल तर परत तेच. छोट्या पॉलीक्लिनिकमध्ये एमबीबीएस डॉक्टर आणि दाताचे डॉक्टर, मानसोपचाराचं नाव नाही. बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी माणूस येईल एवढा प्रवास करून, "मला रात्री भीती वाटते" हे सांगायला येणार नाही. कधीच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये एएफएमसीत सैन्यदलांसाठी टेलिमानसचा वेगळा कक्ष सुरू झाला, मनाच्या त्रासाबद्दल फोनवर बोलायची सोय, ही मला मनापासून आवडलेली गोष्ट आहे. देशभराचा टेलिमानसचा नंबर १४४१६ आहे, तो प्रत्येक कँटीनच्या आणि पॉलीक्लिनिकच्या भिंतीवर मराठीत मोठ्या अक्षरात लागला पाहिजे. पण फोनसुद्धा त्यानेच करायचा आहे ना. म्हणून मी म्हणतोय की घरी जा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे प्रत्येक माजी सैनिकाची नोंद असते, आशाताई प्रत्येक वाडीवस्तीवर पोचतात, मग वर्षातून एकदा कान, गुडघे, रक्त, बीपी आणि झोप एवढं तपासायला गावातच का येता येऊ नये? माजी सैनिकाने माजी सैनिकाशी बोलावं, तालुक्याला दोन-तीन जणांना प्रशिक्षण द्यावं, फौजी फौजीपाशीच मोकळा होतो.

आणि घरातल्या बाईला विचारा. नवरा सतरा वर्षं बाहेर असताना शेती, सासू-सासरे, पोरांच्या शाळा सगळं तिने एकटीने ओढलेलं असतं, तो आल्यावर घरात परेडसारखी शिस्त लावायला बघतो, खटके उडतात, आणि तो रात्री ओरडत उठतो हे फक्त तिला माहीत असतं. माहेरीही सांगत नाही ती, कारण गावात त्याचा मान आहे. रिलीज मेडिकल बोर्ड होतं तेव्हा तिला कुणी काही विचारत नाही. रिटायरमेंटच्या आधी आणि नंतर सहा महिन्यांनी डॉक्टरने तिच्याशी वेगळं, एकटीशी, मराठीत बोलावं, निम्मे आजार तिथेच कळतील असं मला वाटतं.

हे सगळं आत्ताच का, तर अग्निवीरांमुळे. २०२२ मध्ये योजना आली, चार वर्षं सर्व्हिस, त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत कायम, बाकीचे घरी. पहिल्या बॅचची चार वर्षं २०२६ संपता संपता भरतायत. योजनेच्या अटीनुसार परत येणाऱ्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएस नाही. सर्व्हिसमुळे अपंगत्व आलं तर एकरकमी पैसे आहेत, ५० टक्क्यांना १५ लाख, ७५ ला २५ आणि १०० ला ४४ लाख, पण ते तेव्हा दिसणाऱ्या अपंगत्वाचे. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी परत आलेल्या आणि पस्तिसाव्या वर्षी कंबर धरलेल्या, तिशीत झोप उडालेल्या पोराने कुठे जायचं? त्याच्यापुढे तर पन्नास वर्षं आहेत. ही योजना बरी की वाईट हा वाद बाजूला ठेवू, तो वेगळा आहे. पण ही पोरं सातारा-सांगलीच्या, बीड-बुलढाण्याच्या घरातली आहेत आणि काही महिन्यांत परत येतील. त्यांना ईसीएचएसमध्ये घ्यावं, निदान सर्व्हिसशी जोडलेल्या आजारांसाठी तरी, आणि हातात सेवानिधीच्या, म्हणजे चार वर्षं संपल्यावर मिळणाऱ्या एकरकमी पैशाच्या, चेकसोबत दोन कागद द्यावेत, पूर्ण मेडिकल रेकॉर्डची प्रत आणि कुठे किती दिवस होता याचा सही-शिक्क्याचा दाखला. आमदार-खासदार गावात सत्काराला येतील तेव्हा हेच दोन कागद मागा त्यांच्याकडे. आणि ज्यांच्या घरातला कुणी यंदा रिलीज होतोय त्यांनी त्याला आजच फोन करून सांगा की बोर्डासमोर कान, कंबर, झोप सगळं बोल, लिहून घ्यायला लाव, आणि प्रत घेतल्याशिवाय सही करू नकोस.